एमएमओ गेममध्ये दुसऱ्या माणसाची गरज किती पडली पाहिजे? सगळी स्पर्धा याच प्रश्नावर चालते

ऑनलाइन मल्टिप्लेअर रोल-प्लेइंग गेम, ज्यांना सगळे सरळ एमएमओ म्हणतात, त्यांची तुलना सुरू झाली की बहुतेक जण ग्राफिक्स कसे आहेत, फाइट कशी वाटते, मॅप केवढा मोठा आहे यावरच येतात. ते सगळं महत्त्वाचं आहेच, पण माझं ठाम मत असं की हे गेम त्यावर जिंकत नाहीत आणि त्यावर हरतही नाहीत. एमएमओ बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, की या जगात एका खेळाडूला दुसऱ्या खेळाडूची गरज किती पडली पाहिजे. मेल्यावर काय होतं, लूट कुणाला मिळते, एका गावातून दुसऱ्या गावात जायला किती वेळ लागतो, सामान कुठे विकायचं, महिन्याला पैसे घ्यायचे की गेम फुकट ठेवून आत दुकान मांडायचं, वरवर हे सगळे वेगवेगळे निर्णय दिसतात पण प्रत्येकाच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. एका कंपनीला सापडलेलं उत्तर दुसरीने जसंच्या तसं उचललं तर ते का चालत नाही, तेही यातूनच कळतं.

आधी थोडा पाया. एमएमओ म्हणजे असं जग जे तुम्ही लॉग आउट केल्यावरही चालूच राहतं. हजारो लोक एकाच वेळी आत असतात, तुमचं कॅरेक्टर, त्याची लेव्हल, त्याचं सामान सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं, आणि तुम्ही झोपलात तरी तिकडे कुणीतरी बाजारातले भाव पाडत असतं नाहीतर तुमच्या गिल्डच्या, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांच्या संघाच्या, हद्दीत घुसत असतं. याची मुळं पार १९७८ पर्यंत जातात, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी केलेल्या मड नावाच्या गेमपर्यंत, ज्यात चित्र एकही नव्हतं, सगळं टाइप करून खेळायचं. याच बार्टलने १९९६ मध्ये एक पेपर लिहिला आणि त्यात खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कमाई करणारे, फिरून नवं शोधणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यांना मारण्यात मजा घेणारे. हे चार प्रकार सगळ्यांना पाठ असतात पण त्या पेपरमधली जास्त कामाची गोष्ट पुढे आहे, की हे चौघे एकमेकांवर अवलंबून असतात आणि एकाची संख्या हलली की बाकीच्यांचीही हलते. मारणारे वाढले की गप्पांसाठी आलेले लोक आधी पळतात, ते पळाले की कमाई करणाऱ्यांना मिरवायला कुणी उरत नाही, आणि अशी सगळीच वस्ती विस्कटते.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते अल्टिमा ऑनलाइनमध्ये दिसलं. ओरिजिन सिस्टिम्सची ही गेम सप्टेंबर १९९७ मध्ये आली, अल्टिमा ही रिचर्ड गॅरियटची मालिका आणि या गेमचा मुख्य डिझायनर राफ कॉस्टर. त्यांना खरंखुरं जग करायचं होतं. जंगलात प्राण्यांची साखळी होती, गवत खाणारे कमी झाले की त्यांना खाणारे भुकेने दुसरीकडे सरकणार, मग खेळाडूंना त्यांच्याशी लढायचं काम मिळणार, असं सगळं ठरवलेलं होतं. झालं काय, तर हजारो लोकांनी आत येऊन जे हलताना दिसेल ते मारून टाकलं, इतक्या झपाट्याने की साखळी चालतेय का नाही हे कुणाच्या लक्षात यायच्या आधीच जंगलं रिकामी झाली, आणि शेवटी ती सिस्टिमच काढून टाकावी लागली.

माणसांच्या बाबतीतही तसंच. शहराच्या बाहेर कुणीही कुणालाही मारून लुटू शकायचा. यात एक थरार होता हे मी मान्य करतो, कारण जिथे धोका खरा असतो तिथे मदतही खरी वाटते, लोक घोळक्याने निघायचे, ओळखीच्या माणसाबरोबरच खाणीत जायचे. पण नव्याने आलेला माणूस बाहेर पडल्या पडल्या मरत असेल तर तो पुढच्या महिन्याचे पैसे कशाला भरेल? २००० मध्ये त्यांनी जगाची हुबेहूब दुसरी प्रत केली, ट्रॅमेल नावाची, जिथे समोरच्याच्या संमतीशिवाय हल्ला करता येत नाही, आणि जुनं जग फेलुका या नावाने तसंच ठेवलं. सबस्क्राइबर वाढले. पण फेलुका ओस पडत गेलं, कारण ज्यांना लुटायचं तेच पलीकडे निघून गेल्यावर लुटणारे लुटणार कुणाला. आजही ओपन पीव्हीपीवरून, म्हणजे खेळाडूने खेळाडूला कुठेही मारता यावं का यावरून, भांडणं होतात ना, ती सगळी याच एका निर्णयाची पुढची आवृत्ती आहे.

मग मार्च १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट आली आणि तिने प्रश्न उलटा फिरवला. खेळाडूंनी एकमेकांना मारायचं नाही, जगच इतकं कठीण करायचं की माणसं आपोआप एकत्र येतील. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. एव्हरक्वेस्टमध्ये तुम्ही मेलात की तुमचं सगळं सामान प्रेताजवळच राहायचं, तुम्ही लांब कुठेतरी रिकाम्या हाताने जिवंत व्हायचात, आणि कमावलेला एक्सपीही, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुणही, जायचा, कधी कधी तर लेव्हलच उतरायची. प्रेत असायचं नेमकं त्याच डंजनच्या, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयाराच्या, तळाशी जिथे तुम्ही पूर्ण चिलखतात असूनही टिकला नव्हतात, आता तिथे बिनचिलखताचं परत जायचं, आणि वेळेत नाही पोचलात तर प्रेत सामानासकट नाहीसं होणार. मग काय करायचं? नेक्रोमॅन्सर शोधायचा, तो प्रेत ओढून आणू शकतो. क्लेरिक शोधायचा, त्याने जिवंत केलं तर गेलेल्या एक्सपीचा बराच भाग परत मिळतो. लांबचा प्रवास असेल तर ड्रुइड किंवा विझर्डला पैसे देऊन टेलिपोर्ट करून घ्यायचं. म्हणजे तुमच्या एका मरणात तीन अनोळखी माणसांशी बोलणं व्हायचं, आणि त्यातल्या कुणी चांगलं वागवलं तर त्याचं नाव लक्षात राहायचं.

बाजाराचंही तेच. सुरुवातीला गेममध्ये ऑक्शन हाऊस वगैरे काही नव्हतं, म्हणून बऱ्याच सर्व्हरवर ईस्ट कॉमनलँड्समधल्या एका बोगद्यात लोक आपोआप जमायला लागले, चॅटमध्ये ओरडून तलवारी विकायचे, घासाघीस करायचे, कोण फसवतो कोण सरळ आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. कंपनीने तो बाजार बांधला नव्हता, सोय नव्हती म्हणून तो तयार झाला. पुढे शॅडोज ऑफ लुक्लिन या एक्स्पान्शनबरोबर, म्हणजे वेगळ्या विकलेल्या पुरवणीबरोबर, बझार आला, तिथे कॅरेक्टर उभं करून ठेवलं की माल आपोआप विकला जायचा, आणि बोगदा रिकामा झाला. बझार सोयीचा होता यात वादच नाही, संध्याकाळभर ओरडत बसायला कुणाला वेळ असतो. पण त्या सोयीत काय गेलं हे आधी कुणी मोजलं नव्हतं, आणि एमएमओच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा होत आलंय.

नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझार्डची वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आली. तिच्या दोनच आठवडे आधी एव्हरक्वेस्टचा दुसरा भाग आला होता, म्हणजे बाजारात आधीचा राजा आणि नवा भिडू समोरासमोर, आणि नव्याने एकतर्फी बाजी मारली. ब्लिझार्डने काही नवीन शोध लावला असं नाही, त्यांनी एव्हरक्वेस्टचा साचा घेऊन त्यातला त्रास एकेक करून काढला. मेलात तर भूत होऊन प्रेतापर्यंत पळायचं, सामान तुमच्याकडेच, एक्सपी जात नाही, फक्त दुरुस्तीचा खर्च. डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह असलेला माणूस काम देतो, त्यामुळे आता काय करायचं हा प्रश्नच पडत नाही. आणि सगळ्यात मोठा बदल, एकट्याने खेळूनही शेवटच्या लेव्हलपर्यंत जाता येतं, माणसांची गरज मुख्यतः डंजन आणि रेडसाठी, म्हणजे मोठ्या गटाने करायच्या अवघड लढायांसाठी. ऑक्टोबर २०१० मध्ये सबस्क्राइबर १ कोटी २० लाखांवर गेले, त्याआधीच्या पाश्चात्त्य गेम काही लाखांवर खूश होत्या.

त्यांच्या टीमची एक गोष्ट डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. लोकांनी सलग तासन् तास खेळू नये म्हणून टेस्टिंगच्या वेळी अशी व्यवस्था होती की बराच वेळ खेळलं की मिळणारा एक्सपी निम्मा व्हायचा. लोक भयंकर चिडले. मग त्यांनी आकडे तेच ठेवले आणि फक्त नावं फिरवली, जो निम्मा होता त्याला नॉर्मल म्हटलं आणि जो आधी पूर्ण होता त्याला विश्रांतीचा बोनस म्हणून दुप्पट म्हटलं. झालं, तीच लोकं खूश. गणित इंचभरही हललं नव्हतं. गंमत बघा, पुढे २०१० मध्ये फायनल फँटसी १४ पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी नेमकी ही थकव्याची शिक्षा परत आणली, ठरावीक तासांनंतर एक्सपी कमी होत होत शून्यावर, आणि लोकांनी तितकाच आरडाओरडा केला.

आता डंजनचं बघू, कारण दुसऱ्या माणसाची गरज सगळ्यात उघडी इथे दिसते. बहुतेक गेममध्ये तीन भूमिका असतात. टँक म्हणजे बॉसचा, मुख्य शत्रूचा, मार स्वतःवर घेणारा, हीलर म्हणजे सगळ्यांना जगवणारा, आणि डीपीएस म्हणजे नुकसान करणारे. टँक आणि हीलरवर जबाबदारी जास्त, चूक झाली की सगळे मरतात आणि शिव्याही त्यालाच पडतात, म्हणून ते कायम कमी असतात आणि डीपीएस रांगेत बसून राहतात. वॉरक्राफ्टमध्ये आधी शहरात उभं राहून चॅटवर टँक शोधायला लागायचा, सापडला तर डंजनपर्यंत चालत जायचं. डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आलं, एक बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरची पाच माणसं एकत्र येतील, थेट डंजनमध्ये टाकली जातील, संपलं की परत जिथे होता तिथे. नोकरी, मुलंबाळं सांभाळून खेळणाऱ्याला हे वरदानच होतं, एरवी त्याला डंजन बघायलाच मिळालं नसतं. पण आधी तुमचं सर्व्हरवर नाव असायचं, लूट चोरली, अर्ध्यात सोडून गेलात तर उद्या कुणी घ्यायचं नाही. आता ती पाच माणसं पुन्हा कधीच भेटणार नाहीत, मग चांगलं वागायचं कारण काय आणि बोलायचं तरी कशाला? कितीतरी जण एक शब्दही न टाइप करता डंजन संपवून निघून जायला लागले.

तरी बटण वाईट असतं असं मी म्हणणार नाही, कारण हेच बटण दुसऱ्या गेमने वेगळ्या पद्धतीने वापरलं. फायनल फँटसी १४ मध्ये रूलेट नावाचा प्रकार आहे, मुरलेल्या खेळाडूने रोज एकदा कुठल्याही जुन्या डंजनमध्ये जायचं, जे नशिबात येईल ते, आणि त्याबद्दल चांगलं बक्षीस मिळतं. त्यामुळे आज नवीन आलेल्या माणसालाही दहा वर्षांपूर्वीच्या डंजनसाठी चार जणांचा गट मिळतो. गटात कुणी ते पहिल्यांदा करत असेल तर सगळ्यांना जास्तीचं बक्षीस, म्हणजे नवखा माणूस ओझं न वाटता फायदा वाटतो. शेवटी तुमच्याशी नीट वागलेल्या एका सहकाऱ्याला दाद द्यायची सोय. बटण तेच, पण एकात माणसं एकमेकांना अडथळा वाटायला लागली आणि दुसऱ्यात नव्या माणसाची जुन्याला गरज निर्माण केली.

वॉरक्राफ्टच्या पैशाकडे बघून पुढची दहा वर्षं प्रत्येक मोठ्या कंपनीने तिच्यासारखी गेम काढली. वॉरहॅमर ऑनलाइन २००८ मध्ये आली, २०१३ च्या शेवटी बंद. स्टार वॉर्स द ओल्ड रिपब्लिक डिसेंबर २०११ मध्ये आली, संपूर्ण गेमला आवाज दिलेले, प्रचंड खर्च, आणि वर्षाच्या आत तिला फ्री टू प्ले व्हावं लागलं, अर्थात ती अजून चालू आहे. वाइल्डस्टार जून २०१४ मध्ये आली, ४० जणांचे कठीण रेड हवेत असं आवाज चढवून मागणाऱ्या जुन्या खेळाडूंसाठी बनवलेली, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बंद. आवाज मोठा असला तरी अशी माणसं थोडी होती, आणि ४० जण वेळेवर जमवणं हे बॉस मारण्यापेक्षा अवघड काम असतं.

या गेम वाईट नव्हत्या. मला तर यातल्या काही वॉरक्राफ्टपेक्षा चांगल्या वाटतात. पण एमएमओ बदलणं म्हणजे दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवण्यासारखं आहे, नवं घर कितीही छान असलं तरी शेजारीपाजारी जुन्या गावात राहतात. तुमचं गिल्ड, तुमच्या रेडची ठरलेली वेळ, वर्षानुवर्षं कमावलेलं कॅरेक्टर, हे सगळं सोडून एकट्याने जायचं नसतं, आणि वीस जण एकदम हलायला तयार होत नाहीत. होतं काय की सगळे महिनाभर नवीन गेम बघायला जातात आणि मित्र परत गेले की परत येतात. शिवाय कंटेंटचं गणित नव्या गेमच्या विरोधातच असतं. स्टुडिओला जे बनवायला चार वर्षं लागतात ते हौशी खेळाडू काही आठवड्यांत संपवतो. जुन्या गेमकडे आधीच्या अनेक वर्षांचा साठा असतो, नव्याकडे पहिल्या दिवशीचं तेवढंच, म्हणून दुसऱ्याच महिन्यात चॅटवर आता काय करायचं हे सुरू होतं.

सर्व्हरची अडचण तर आणखी वाईट. लाँचच्या दिवशी लाखो लोक तुटून पडतात, रांगा लागतात, लोक ओरडतात, म्हणून कंपनी भराभर नवीन सर्व्हर उघडते, आणि दोन महिन्यांनी बघे निघून गेले की प्रत्येक सर्व्हर अर्धा रिकामा, मग सर्व्हर एकत्र करायचे, आणि ते केलं की गेम मेली अशी बातमी फिरते आणि उरलेलेही जातात. अॅमेझॉनची न्यू वर्ल्ड सप्टेंबर २०२१ मध्ये आली तेव्हा स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर एका वेळी नऊ लाखांहून जास्त लोक होते आणि ती याच फेऱ्यातून गेली. त्या गेमने मधेच दिशाही बदलली होती, आधी खेळाडूंनी खेळाडूंना लुटायचं अशी ठरली होती, टेस्टिंगमध्ये नवख्यांची कत्तल व्हायला लागल्यावर पीव्हीपी ऐच्छिक केलं, म्हणजे अल्टिमाचाच धडा परत, पण मग एकट्यादुकट्याने करायला पुरेसं काही तयार नव्हतं.

यावर एक उपाय म्हणजे मेगासर्व्हर, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन तसंच चालते, प्रत्येक प्रदेशाचा एकच मोठा सर्व्हर आणि आत गर्दीप्रमाणे त्याच जागेच्या प्रती आपोआप तयार होतात. रिकामं कधी वाटत नाही. पण आज चौकात दिसलेला माणूस उद्या त्याच चौकात दिसेलच असं नाही.

ज्या गेम टिकल्या त्यांनी दुसरंच उत्तर शोधलं. आइसलँडच्या सीसीपी कंपनीची ईव्ह ऑनलाइन ही अंतराळातली गेम मे २००३ पासून चालू आहे. चीनचा सर्व्हर वेगळा आहे, बाकी सगळं जग एकाच विश्वात. जहाजं, बंदुका, गोळ्या जवळपास सगळं खेळाडू बनवतात, खेळाडू विकतात, खेळाडू फोडतात. फुटलेलं जहाज गेलंच, ते परत येत नाही, आणि म्हणूनच कारखाने चालतात. इथली सगळ्यात प्रसिद्ध लढाई जानेवारी २०१४ ची, बी-आर५आरबी नावाच्या तारामंडळातली. ती कशावरून पेटली, तर एका अलायन्सचा त्या जागेच्या मालकीचा हप्ता भरला गेला नाही, विरुद्ध बाजूच्या लक्षात आलं आणि ते घुसले. मग दोन्ही बाजूंनी मित्रांना, मित्रांच्या मित्रांना उठवून बोलावलं. २१ तास चालली, साडेसात हजारांहून जास्त खेळाडू त्यात आले, ७५ टायटन जहाजं गेली, जी बनवायला महिने लागतात. कंपनीने नुकसान खऱ्या पैशात अंदाजे ३ लाख डॉलरच्या वर धरलं. सर्व्हर कोसळू नये म्हणून ईव्ह अशा वेळी त्या जागेचं घड्याळच मंद करते, अगदी दहा टक्के वेगापर्यंत, म्हणजे तुम्ही बटण दाबलं की बंदूक बऱ्याच वेळाने सुटणार. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये लोक हे सहन करणार नाहीत. इथे करतात, कारण पलीकडच्या जहाजात ज्याच्याशी वर्षानुवर्षं वैर आहे तोच बसलेला असतो. ईव्हचं जग कधीच वॉरक्राफ्टएवढं मोठं झालं नाही आणि व्हायचा तिने प्रयत्नही केला नाही. मला हा निर्णय फार आवडतो.

गिल्ड वॉर्स २ ने ऑगस्ट २०१२ मध्ये तिसरंच टोक धरलं. बाकी गेममध्ये दुसरा खेळाडू समोरून येताना दिसला की पोटात गोळा यायचा, हा आता माझी खाण खोदणार, माझा मॉब, म्हणजे गेमने सोडलेला शत्रू, मारणार. इथे एकच खाण प्रत्येकासाठी वेगळी, हाताखाली आलेल्या मॉबचं बक्षीस ज्याने मारायला हातभार लावला त्या सगळ्यांना, पडलेल्या कुणालाही उठवलं की एक्सपी. साहजिकच दुसरा माणूस दिसला की बरं वाटतं. महिन्याची फी नाही, तेव्हा एकदाच विकत घ्यायची होती. लेव्हल ८० च्या पुढे कधी वाढवली नाही, त्यामुळे दोन वर्षांनी परत आलात तरी तुमचं सामान चालतं. सुरुवातीला त्यांनी टँक-हीलर ही विभागणीच काढून टाकली होती, पण मग डंजनमध्ये नुसता गोंधळ व्हायला लागला, आणि २०१५ मध्ये रेड आल्यावर भूमिका हळूहळू परत आल्या. कुणाला कुणाची गरजच नसेल तर एकत्र लढण्यात मजा उरत नाही हे तिथे कळलं.

उलट, असलेली गरज मोडली तर काय होतं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण स्टार वॉर्स गॅलेक्सीज. २००३ मध्ये आलेल्या या गेममध्ये लढणं हा तीसेक व्यवसायांपैकी एक भाग होता. कुणी डॉक्टर, कुणी शस्त्रं बनवणारा, कुणी कँटिनात नाचणारा, आणि लढून थकलेल्या माणसाचा थकवा त्या नाचणाऱ्याकडे बसल्याशिवाय जायचाच नाही. म्हणजे एकही गोळी न झाडणारा माणूस त्या शहरात महत्त्वाचा. वॉरक्राफ्ट आल्यावर मालकांना वाटलं की आपल्यालाही तसंच सोपं आणि झटपट करावं लागेल, नोव्हेंबर २००५ मध्ये सगळे व्यवसाय मोडून नऊ ठळक क्लास केले, तेही एक एक्स्पान्शन विकल्यानंतर काहीच दिवसांत, इतकं की पैसे परत द्यावे लागले. जुने लोक गेले, नवे वॉरक्राफ्ट सोडून इकडे कशाला येतील? २०११ च्या डिसेंबरमध्ये गेम बंद झाली. आपल्या लोकांना न विचारता शेजाऱ्याच्या लोकांसाठी घेतलेला तो निर्णय होता.

पैशाचं थोडक्यात सांगतो. महिन्याची फी असेल तर कंपनीला तुम्ही पुढच्या महिन्यात आत असायला हवे असता, म्हणून रोजची कामं, आठवड्याची मर्यादा, हळूहळू मिळणारं सामान. वॉरक्राफ्टची अमेरिकेतली फी २००४ पासून १४.९९ डॉलरच आहे, ती कुणाला वाढवता येत नाही म्हणून बाकीचं उत्पन्न माउंट (बसून फिरायचे प्राणी), कपडे, टोकन यातून काढलं जातं. गेम फुकट असेल तर थोडे लोक खूप खर्च करतात आणि बाकीची गर्दी ही त्यांच्यासाठी जग भरलेलं ठेवते. कपडे विकले तर कुणाचं बिघडत नाही, ताकद विकली की बिघडतं, कारण मग तुमच्या गरजेच्या माणसाच्या जागी पाकीट येतं. आणि नशिबावर विकली तर आणखी वाईट. मेपलस्टोरीमध्ये क्यूब नावाची वस्तू विकत घेऊन सामानाचे गुण बदलता येतात, त्यातल्या चांगल्या गुणांची शक्यता न सांगता कमी केली, काही जोड्या तर येऊच शकत नव्हत्या, म्हणून दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये तिच्या नेक्सॉन या कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वोनचा दंड केला. त्याच वर्षी मार्चपासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं.

आधी थकव्याची गोष्ट सांगितली ती फायनल फँटसी १४ परत उभी राहिली हे एमएमओमधलं सगळ्यात मोठं पुनरागमन. पहिली आवृत्ती इतकी वाईट होती की साध्या फुलांच्या कुंडीला एका अख्ख्या कॅरेक्टरएवढे पॉलिगॉन, म्हणजे आकृती घडवणारे तुकडे, दिले होते, म्हणून आजूबाजूला जास्त लोक दाखवताच यायचे नाहीत, आणि लोक दिसत नसलेली एमएमओ कसली. नाओकी योशिदाने डिसेंबर २०१० मध्ये सूत्रं घेतली, जुनी गेम चालू ठेवत नवी बनवायला घेतली, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुनं जग कथेतच उद्ध्वस्त करून सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये अ रेल्म रीबॉर्न आणली. डिसेंबर २०२१ मध्ये एंडवॉकर हे एक्स्पान्शन आलं तेव्हा गर्दी इतकी झाली की त्यांनी गेमची डिजिटल विक्रीच काही आठवडे थांबवली. आत असलेल्यांना नीट खेळता यावं म्हणून बाहेरच्याचे पैसे नको म्हणणं, हे फार कमी कंपन्या करतात. हाच योशिदा उघडपणे सांगतो की कंटेंट संपला तर सबस्क्रिप्शन थांबवा, दुसऱ्या गेम खेळा, नवीन पॅच आला की या.

आणि मग जुन्याकडे वळलेले लोक. जॅगेक्स कंपनीने आपल्या रूनस्केप या गेमची लढायची पद्धत २०१२ मध्ये पूर्ण बदलली, लोक भराभर गेले, तेव्हा त्यांनी ऑगस्ट २००७ चा एक बॅकअप काढून, मतदान घेऊन, २०१३ मध्ये ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू केली. त्यात नवीन काही मोठं आणायचं तर आधी खेळाडूंचं मत घ्यायचं, ७५ टक्के होकार लागायचा, नंतर तो ७० वर आणला. ही जुनी गेम आज नवीपेक्षा जास्त खेळली जाते. ब्लिझार्डलाही ऑगस्ट २०१९ मध्ये वॉरक्राफ्ट क्लासिक काढावी लागली, डंजन फाइंडर नसलेली, चालत जायला लागणारी. त्याआधी लोक बेकायदेशीर खासगी सर्व्हरवर जमून हेच खेळत होते.

खासगी सर्व्हरची सगळ्यात चांगली गोष्ट सिटी ऑफ हीरोजची आहे. २००४ मध्ये आलेली ही सुपरहीरोंची गेम, एनसीसॉफ्टने नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद केली, लोकांनी विनवण्या केल्या पण उपयोग झाला नाही. काही जणांनी तिचा कोड मिळवून वर्षानुवर्षं गुपचूप चालवला, २०१९ मध्ये ते बाहेर आलं, भांडणं झाली, मग कोड सगळ्यांसाठी खुला झाला आणि होमकमिंग नावाचा सर्व्हर उभा राहिला, जो स्वयंसेवक देणग्यांवर चालवतात. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्यांना अधिकृत परवाना दिला.